हिरवळीचं पाणी

माझ्या आत्याला फुप्फुसाचा कॅन्सर झालाय असं सांगितलं की ऐकणारा थोडा थांबायचा, चेहरा लांब करायचा आणि मग विचारायचा, "ओढायच्या का हो त्या?"

शेजारणीने विचारलं. दूधवाल्याने विचारलं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चहाचा कप बशीत ठेवता ठेवता विचारलं. "दुखतं का त्यांना?" हे कुणाला सुचत नव्हतं. मी शाळेत कवायत शिकवते. माझा आवाज मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला जातो आणि राग त्याच्याही पुढे. मी म्हणायचे, "नाही. आयुष्यात एकदाही नाही." की समोरच्याचा चेहरा उतरायचा. मी 'हो' म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ती ओढायची म्हणून तिला झालं, आपण ओढत नाही म्हणून आपण सुटलो, असा साधा हिशेब. त्यांना आत्याची विचारपूस करायचीच नव्हती, स्वतःची खात्री करून घ्यायची होती.

आता आत्या कोण ते सांगते, म्हणजे माझा संताप कुणाला फुकटचा वाटणार नाही.

आत्या दगडावर अक्षरं कोरायची. गेलेल्यांच्या आठवणीचे दगड, शाळा-दवाखान्यांच्या कोनशिला, मोठ्या घरांच्या नावाच्या पाट्या. वस्तीच्या टोकाला तो दगडाचा कारखाना होता. पुढे काचेची शोरूम, तिच्यासमोर गिऱ्हाइकाच्या मनाला शांत वाटावं म्हणून राखलेली हिरवळ, आणि त्या हिरवळीवर दिवसभर गोल गोल फिरणारं पाण्याचं कारंजं. मागच्या अंगाला पत्र्याची लांब शेड. शेडच्या एका बाजूला दगड कापणारी यंत्रं, दुसऱ्या बाजूला कोरणाऱ्यांची बाकं. आत्याचं बाक दाराजवळ, भरपूर उजेडाचं. शेजारचं बाक माझ्या वडिलांचं. बाबा तिचे धाकटे भाऊ. आजोबांनी आत्याला हे काम शिकवलं आणि आत्याने बाबांना. त्यामुळे बाबांचे केस पिकले तरी ती अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं म्हणायची, "धाकट्या, तुझ्या अक्षराला ढेरी सुटलीय, तुझ्यासारखी." सगळे हसायचे. बाबा सर्वांत जास्त हसायचे.

तिने लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "दगडावर डोकं आपटायचंच आहे, तर निदान पगार तरी मिळू दे." माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मला आत्याने वाढवलं. माझी वेणी घालताना तिच्या बोटांची सालं केसांत अडकायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर पीठ चाळून बसल्यासारखी पांढरी पूड असायची. मी तिला "म्हातारे" म्हणून चिडवायचे आणि ती तोंड धुऊन परत तरुण व्हायची.

तिच्या कामाचा एक कायदा होता. काम कोरडं करायचं. ओला दगड खोटं बोलतो, असं ती म्हणायची. पाणी लागलं की दगडाचा रंग गडद होतो आणि नखभर खोल अक्षर बोटभर खोल दिसायला लागतं. कोरणारा फसतो, लवकर थांबतो, आणि दगड वाळला की अक्षर उथळ निघतं. शिवाय पेन्सिलीची रेघ धुऊन जाते ती वेगळीच. म्हणून छिन्नीचे चार घाव घालायचे, वाकायचं, अक्षराच्या पोटात साचलेली पूड तोंडाने फुंकून उडवायची, डोळा जवळ नेऊन बघायचं, की पुन्हा घाव. फुंकर मारली की पुढचा श्वास आपोआप मोठा येतो, आणि तो त्याच उडालेल्या पुडीतून यायचा. आजोबांनी असंच केलं, तिने असंच केलं, आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने. लंबू नावाचा एक उंच कारागीर होता. तो एकदा तोंडाला फडकं बांधून आला. आत्या म्हणाली, "काय रे, दरोडा घालायला निघालास?" शेड खदखदून हसली आणि लंबूने फडकं खिशात घातलं.

हा तिचा ताठा होता. मी तिची भाची असूनही सांगते, ताठाच होता. पण कारागिराला कामाचा ताठा असतोच. त्या ताठ्यामागे लपून ज्याने आपलं पाणी वाचवलं, माझा खरा राग त्याच्यावर आहे.

मालकांना माहीत होतं. यंत्रं विकणाऱ्या कंपनीची माणसं येऊन सांगून गेली होती की दगडाची ही बारीक धूळ छातीत जाऊन बसते, कापताना आणि कोरताना पाणी सोडा, धूळ ओढून घेणारे पंखे बसवा. मालकांनी एक पंखा बसवला. त्याला छान हिरवा रंग दिला. सरकारी पाहुणे येणार असले की तो फिरायचा, ते गेले की थांबायचा. आणि पाण्याची लाइन मागे शेडपर्यंत आणा म्हटलं की मालक हात जोडून म्हणायचे, "मी केव्हाच आणली असती हो, पण आत्याच नको म्हणतात. पाण्याने अक्षर बिघडतं म्हणे. त्यांच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ?" पुढे कारंजं गोल गोल फिरत असायचं. बाकी कुठल्या गोष्टीत ते आत्याच्या शब्दात होते, ते मला कुणीतरी शोधून दाखवावं.

आता बाबांचं. बाबा ओढायचे, आणि भरपूर ओढायचे. आत्याने त्यांना घरात ओढायची बंदी केली होती, म्हणून ते गॅलरीत उभे राहून ओढायचे. थंडीत शाल गुंडाळून ओढायचे. मला त्यांच्या जिवाची भीती वाटायची, रात्री त्यांचा खोकला ऐकत पडायचे मी. पुढे मोठ्या हॉस्पिटलमध्ये जास्त ओढणाऱ्यांच्या छातीचा स्कॅन दरवर्षी करायला लागले, तेव्हा मी बाबांना बखोटीला धरून घेऊन जायला लागले. बाबांना त्या यंत्राची धास्ती. मग त्यांना धीर द्यायला आत्या बरोबर यायची.

तो वेटिंग हॉल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बाबा आत गेलेले, त्यांचा कोट आत्याच्या मांडीवर, आणि आत्या खोकतेय. तोंडावर रुमाल धरून, कोटाच्या बाह्यांवर वाकून खोकतेय. नर्सने तिला पाणी आणून दिलं. स्कॅन काढणारा मुलगा दारातून डोकावून म्हणाला, "धूर यांचा आणि खोकला तुम्हाला? वाटून घेतलंत वाटतं." आम्ही हसलो. त्याचा राग नाही मला, पोरगं बिचारं चेष्टेने बोललं.

बाबांचा स्कॅन स्वच्छ आला. मी डॉक्टरांना म्हटलं, "डॉक्टर, आलोच आहोत तर माझ्या आत्यालाही एकदा बघा. बरेच दिवस खोकतेय, आणि खांदाही दुखतोय तिचा."

डॉक्टरांनी मान वर केली. "ओढता का?"

"नाही," आत्या म्हणाली.

"कधीच नाही?"

"घरात एक आहे तेवढा पुरे आहे."

"मग काळजीचं काही नाही. घसा कोरडा पडत असेल. खांद्याला शेक द्या." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बाहेर येताना बाबा म्हणाले, "अक्का, म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं झालं बघ. खोकतेस तू आणि तपासतात मला." आत्या म्हणाली, "म्हणजे रेडा मी. आभारी आहे, धाकट्या." त्या दिवशी आम्ही तिघं हॉटेलात चहा पिऊन, अगदी आनंदात घरी आलो.

त्यानंतर खोकल्याची औषधं झाली. गोड, कडू, काळी, लाल. खांद्याला तेल लावून झालं, शेकून झालं. हातोडी मारणाऱ्या बाईचा खांदा दुखणारच, असं डॉक्टर म्हणाले, कंपाउंडर म्हणाला, आत्या स्वतःही म्हणाली. ती बारीक व्हायला लागली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "वा, छान दिसायला लागलात." मग एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. तिने तो रुमाल धुतला आणि दोरीवर वाळत घातला. डाग नीट गेला नव्हता, म्हणून मला कळलं.

यावेळी मी तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, थकलेल्या चेहऱ्याच्या. त्यांनी छाती तपासली, खांदा दाबून पाहिला आणि विचारलं, "आजी, काम काय करता तुम्ही?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "दगडावर अक्षरं कोरते," ती म्हणाली.

"कोरडं की पाणी घालून?"

"कोरडं," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदा हा शब्द तिने जरा हळू उच्चारला.

फोटो झाला, स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासणी झाली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ होती आणि ती खांद्याच्या हाडात उतरली होती. तो खांदा आम्ही शेकत होतो. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. औषधांनी थोडा काळ मिळेल, दुखणं कमी होईल, असं बाईंनी सांगितलं. मी त्यांना विचारलं, "कशाने झालं?" त्या म्हणाल्या, "एका कशावर बोट ठेवून सांगता येणार नाही. सिगारेट हे सगळ्यांत मोठं कारण, त्यात वाद नाही. पण कधीच न ओढलेली माणसंही येतात माझ्याकडे, बायका तर बऱ्याच येतात, आणि उशिरा येतात. कारण त्यांच्यावर कुणाला संशयच येत नाही. दगडाची धूळ हे कारण आहे. दुसऱ्याचा धूर आहे, खराब हवा आहे. काहींच्या बाबतीत काहीच सापडत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खोकला दोघांनाही होता. पण एकाला दरवर्षी यंत्रात घालायचं आणि दुसरीला शेक घ्यायला घरी पाठवायचं, का, तर तिला व्यसन नाही! चांगलं वागल्याची ही शिक्षा होती.

औषधं द्यायला तिला दाखल केलं, त्या वॉर्डात बायका-पुरुष एकत्रच होते. तिच्या समोरच्या खाटेवर एक म्हातारा ट्रकचालक होता. तोच आजार. तो आयुष्यभर ओढत आला होता, त्यामुळे त्याला कुणी काही विचारतच नव्हतं. त्याची सून डबा ठेवताना रोज म्हणायची, "सांगत होतो तेव्हा ऐकलं नाही. आता भोगा." म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्याने तिला हाक मारली. "ए बाई, इकडे ये. चूक केली त्याने. कबूल. पण फाशी द्यायचं काम तुला कुणी दिलं? डबा गरम आहे तोवर भरव त्याला." सून डबा ठेवून निघून गेली. भरवलं काही नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बोलणं थांबलं. आत्या रोज सकाळी त्या म्हाताऱ्याला विचारायची, "आज दुखतंय का?" तो सांगायचा, कुठे आणि किती. मग ती आपलं सांगायची. माझ्या सगळ्या ओळखीपाळखीच्या, शिकल्यासवरल्या माणसांना जो प्रश्न सुचला नाही, तो हा होता.

आत्या घरी आली आणि मालक भेटायला आले. फळांची मोठी करंडी, वर चकचकीत कागद. खुर्चीवर बसले, उसासा टाकला, आणि बाबांकडे बघून म्हणाले, "मी वाचलंय. घरातल्या माणसाच्या धुराने दुसऱ्याला होतं म्हणे. न ओढणाऱ्यालाच जास्त लागतो म्हणतात. काय करणार, ज्याचं त्याचं नशीब."

मी म्हटलं, "बाबा घरात ओढत नाहीत. आणि शेडमधल्या धुळीचं काय?"

"धुळीने झालं असतं तर यांना नको का व्हायला? हे धूरही घेतात आणि धूळही. यांचा स्कॅन तर स्वच्छ आहे. बघा, मी काही डॉक्टर नाही..." असं म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. बरं, बाबा काही संन्यासी नव्हते, म्हणूनच तो फास बरोबर बसला. त्या दिवशी बाबांनी सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकलं. चांगलंच झालं म्हणेन, पण त्याबरोबर ते आत्याच्या खोलीत जायचंही थांबले. कामावरून आले की जिन्यात बसायचे. जेवण मी नेऊन द्यायचे, ते निम्मं परत यायचं. एकदा मी म्हटलं, "बाबा, आत चला की." ते म्हणाले, "माझ्या कपड्यांना वास येतो गं अजून." वास कसला, धुतलेले कपडे होते. दोन खोल्यांच्या घरात भाऊ बहिणीच्या तोंडासमोर जात नव्हता आणि बहीण भिंतीपलीकडे त्याच्या पावलांचा आवाज ऐकत पडली होती.

आत्याला मरणाचं भय नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं. रात्री माझा हात घट्ट धरून ठेवायची. पण ती बोलायची ते बाबांबद्दल. "मी जाईन ते जाईन," ती म्हणायची, "पण हा असा जिन्यात बसला तर मी गेल्यावर स्वतःला पोखरून खाईल. माझं मरण त्याच्या गळ्यात बांधून मला जायचं नाही. त्याच्या गळ्यात ते ज्याने बांधलं, त्याच्यासमोर सोडवायला हवं." आणि मग एका सकाळी, अंगात जरा बळ होतं, तेव्हा म्हणाली, "मला शेडमध्ये घेऊन चल."

मी नको म्हटलं. मी लहान असताना बघायची तसं तिने माझ्याकडे बघितलं. मी रिक्षा बोलावली.

ती शेडच्या दारात उतरली तेव्हा सगळे हातोडे थांबले. लंबूने खुर्ची पुसून दिली. बाबा आपल्या बाकामागे उभे राहिले, मान खाली. आत्याने धाप आवरली, शेडभर नजर फिरवली. उन्हाच्या तिरिपेत पूड तरंगत होती, रोजच्यासारखीच. ती म्हणाली, "लंबू, पुढे जा. त्या कारंज्याचा पाइप काढ आणि इकडे ओढून आण."

"हिरवळीचा?" लंबू म्हणाला.

"मग काय माझ्या घरचा?"

लंबू बाबांकडे बघायला लागला. कुणीतरी मागून चेष्टा केली, "आत्या, पाण्याने अक्षर खोटं बोलतं ना?"

"बोलू दे," आत्या म्हणाली. "वाळलं की खरं बोलेल, तेवढं थांबायचं. मला थांबायची अक्कल नव्हती. बापाने शिकवलं ते मी शिकवलं, आणि तुला फडकं काढायला लावलं रे, लंबू. ते चुकलंच माझं. आण पाइप."

पाइप आला. मागोमाग मालकही आले, कारंजं थांबलेलं त्यांना काचेतून दिसलं होतं. "हे काय, आत्या? तब्येत सांभाळायची सोडून? आणि तुम्हीच म्हणायचात, पाणी नको."

"मी म्हणायचे. आता म्हणत नाही. आता तुम्ही माझ्या शब्दात आहात की नाही?"

शेडमध्ये कुणी हसलं नाही. मालकांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "हे बघा, उगाच लोकांची डोकी भडकवू नका. मी बोललो होतो, धुळीने झालं असतं तर तुमच्या भावाला..."

"पाऊस सगळ्यांच्या डोक्यावर पडतो," आत्या म्हणाली, "ताप एखाद्यालाच येतो. म्हणून पाऊस पडलाच नाही म्हणायचं का? मला कशाने झालं ते देवालाही सांगता येणार नाही. त्याच्या धुराचा वाटा असेलही थोडा. त्याने तो धूर थांबवला, पाकीट टाकून दिलं. त्याच्या हातात होतं ते त्याने केलं. तुमच्या हातात काय होतं? एक पाइप! तो तुम्ही गवताला दिलात!"

एवढं बोलून तिला खोकला लागला. तो थांबेचना. मी पुढे झाले, पण माझ्या आधी बाबा पोचले. बाकाला वळसा घालून ते आले, गुडघ्यावर बसले, आणि तिच्या पाठीवर हात फिरवायला लागले. "अक्का," ते म्हणत होते, "अक्का, बस कर, पुरे." तिने त्यांची कॉलर पकडली आणि खोकता खोकताच म्हणाली, "जिन्यात बसतोस काय रे, मूर्खा. डास चावतात तिथे." बाबा सगळ्यांसमोर रडले. मालक निघून गेले.

मग तिने छिन्नी मागितली. बाबांनी एक टाकाऊ तुकडा तिच्या मांडीवरच्या फळीवर ठेवला, लंबूने पाणी सोडलं, आणि तिने ओल्या दगडावर एक अक्षर कोरलं. आयुष्यातलं पहिलं ओलं अक्षर. वळण तिचंच होतं. वाकून फुंकर मारायला गेली आणि थांबली, कारण फुंकायला काही नव्हतं. पूड पाण्याबरोबर खाली वाहून गेली होती. दुसऱ्या दिवशी तुकडा वाळला तेव्हा अक्षर उथळ निघालं. ओल्या दगडाने तिला फसवलंच. बाबांनी ते खोल केलं नाही, तसंच आपल्या बाकावर ठेवून दिलं.

त्यानंतर ती होती तोवर बाबा रोज तिच्या खोलीत जेवायचे. दोघं भांडायचे, कुणाचं अक्षर जास्त वाकडं यावर. शेवटच्या दिवसांत तिला बोलवत नव्हतं, तेव्हा बाबा एकटेच दोघांच्या वाटचं भांडायचे. ती गेली तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात होता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. दगडाला येत असेल. घाव घालणारीच्या वाट्याला काय येतं, ते मी पाहिलं.

भेटायला येणाऱ्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. कुजबुजत विचारला, जणू कुजबुजल्याने तो सभ्य होतो. "त्या ओढायच्या वगैरे का?" मी एका काकूंना दारातूनच परत पाठवलं. नातेवाईक म्हणाले, पोरीला वळण नाही. नसू दे.

पाइप शेडमध्येच राहिला. मालकांनी एकदा तो गुंडाळून पुढे नेला, लंबू दुसऱ्या सकाळी परत घेऊन आला. मालकांनी पुन्हा नेला, मग बाबा घेऊन आले, आणि बाकीचे सगळे हातोड्या खाली ठेवून त्यांच्यामागे उभे राहिले. नवा पाइप मात्र मालकांनी आणला नाही. चिकटपणा म्हणा, नाहीतर हट्ट म्हणा. हिरवळ पिवळी पडली, मग तपकिरी झाली.

सुट्टीच्या एका दिवशी मी बाबांचा डबा घेऊन शेडमध्ये गेले होते. एक गिऱ्हाईक तिथे आलं होतं, चकचकीत बूट, वडिलांच्या आठवणीचा दगड करून घ्यायचा होता त्याला. "दारापाशी एक बाई बसायच्या ना?" त्याने विचारलं. "आमच्या आईचं नाव त्यांनीच कोरलं होतं. फार सुंदर."

"माझी बहीण," बाबा म्हणाले. "गेली ती."

"अरेरे. काय झालं होतं?"

"फुप्फुसाचा कॅन्सर."

गृहस्थ थोडा थांबला. चेहरा लांब केला. "ओढायच्या का त्या?"

मी श्वास आत घेतला. तो सुटला असता तर मैदानापलीकडे ऐकू गेला असता. पण बाबांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. जमिनीवरचा पाइप उचलला आणि त्या गृहस्थाच्या हातात दिला. "हे जरा धरा. इथे, छिन्नीच्या टोकावर. एवढं अक्षर संपवतो, मग सांगतो."

तो गोंधळला, पण त्याने धरला. बाबा कोरायला लागले. दगडावरून पाणी वाहायला लागलं, पांढरंशुभ्र, दुधासारखं दाट. ते बाकावरून जमिनीवर आलं, त्याच्या चकचकीत बुटांना वळसा घालून गटाराकडे गेलं. एक अक्षर झालं, दुसरं झालं, आणि ते पांढरं पाणी येतच राहिलं. तो गृहस्थ खाली बघत होता.

"एवढी पूड निघते?" तो म्हणाला. "पाणी नव्हतं तेव्हा ही सगळी कुठे जायची?"

बाबांनी मान वर केली नाही. हातातल्या हातोडीने फक्त दाराजवळच्या रिकाम्या बाकाकडे दाखवलं आणि पुढचं अक्षर सुरू केलं.  तो माणूस बूट भिजले तरी पाइप धरून शेवटपर्यंत उभा राहिला.